वाइन न पिणाऱ्या बागायतदाराबरोबर बर्गंडी

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. वडील माळकरी आहेत आणि वाइनचा घोटही त्यांनी कधी घेतलेला नाही. तरीही फ्रान्समध्ये काय पाहायचे, असे विचारल्यावर त्यांनी पॅरिसऐवजी ‘द्राक्षाचा मुलूख’ सांगितला आणि फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनसाठी प्रसिद्ध प्रदेशाच्या सहलीची आखणी माझ्याकडे आली.

सर्वांत जास्त वेळ व्हिसाच्या कागदपत्रांनी घेतला. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे वडिलांकडे विवरणपत्रे नव्हती. म्हणून आम्ही सातबारा उतारे, माल विकल्याच्या पावत्या आणि बँकेचे शिक्क्यानिशी खातेउतारे इंग्रजी भाषांतरासह जोडले, शिवाय खर्च मी करणार असल्याचे माझे पत्र दिले. शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्ससह अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी) किमान ३०,००० युरोंचे विमा संरक्षण लागते आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम देतात, तो अनेक जण इंटरनेटवरून उतरवून घेतात. माझ्या मते तो खराच आखावा, कारण कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते आणि रविवारी गाड्या किती कमी होतात, हे त्या निमित्ताने आधीच कळते. बर्गंडीतील छोट्या गावांत दुपारी बारा ते दोन दुकानेही मिटलेली असतात.

भाड्याची मोटार घ्यायची नाही, हे मी आधीच ठरवले होते. बर्गंडीतल्या दिजों शहराहून बोन या छोट्या शहराकडे जाणारा रेल्वेमार्ग द्राक्षमळ्यांच्या उताराला समांतर धावतो, त्यामुळे बोनमध्ये मुक्काम ठेवला की दोन्ही दिशांना दिवसाच्या सहली करता येतात. पॅरिस ते दिजों जलद गाडीला आरक्षण लागते आणि ते लवकर केल्यास स्वस्त पडते. दिजों ते बोन या प्रादेशिक गाडीचे तिकीट मात्र आयत्या वेळी काढले तरी चालते, आणि प्रवास सुमारे वीस मिनिटांचा आहे.

बोनमधील ओतेल-दिय हे जुने रुग्णालय बर्गंडीच्या ड्यूकचा, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाचा, चान्सलर (मुख्य कारभारी) निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापन केले. रस्त्याच्या बाजूने नुसते करडे छप्पर दिसते, रंगीत कौलांची प्रसिद्ध नक्षी आतल्या चौकात गेल्यावरच दिसते. त्यामुळे बाहेरून फोटो काढून परतणाऱ्यांना ती दिसतच नाही. लाल पडद्यांच्या खाटांचे लांबलचक दालन आणि चित्रकार रोजिए व्हान डेर वायडेनचे ‘अंतिम न्याया’चे चित्र मला आवडले, पण वडिलांचे लक्ष दुसरीकडे होते. लोकांनी शतकानुशतके दान दिलेले सुमारे साठ हेक्टर द्राक्षमळे या संस्थेकडे आहेत आणि त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे. देवस्थानाच्या इनाम जमिनीसारखेच हे आहे, असे ते म्हणाले. फक्त इथे जमीन अजून शाबूत कशी, याचे त्यांना नवल वाटले.

खरा दिवस ठरला तो वूजो गावचा. वूजो स्थानकावर थांबणाऱ्या गाड्या थोड्याच असल्यामुळे परतीचे वेळापत्रक आधी पाहून निघालो आणि अर्ध्या तासाची पायपीट करून क्लो द वूजो या मळ्याला पोचलो. बाराव्या शतकापासून सीतोच्या मठातील साधूंनी हा भिंतबंद मळा वाढवला. त्यांचे द्राक्षे पिळण्याचे ओक लाकडाचे अजस्र दाबयंत्र आजही पाहता येते. तिथून मळ्यांमधल्या वाटेने व्होन-रोमाने हे गाव आणि पुढे नुई-सें-जॉर्जचे स्थानक, असा रस्ता मी आखला होता. तो पार करायला नकाशातल्या अंदाजाच्या दुप्पट वेळ लागला, कारण वडील ओळीओळीशी थांबत होते.

वेली जेमतेम कमरेइतक्या, दोन ओळींत सुमारे एक मीटर अंतर, आणि ठिबकची नळी कुठेच नाही. आमच्याकडे दोन ओळींत नऊ फूट असतात. एवढ्या अंतरात ट्रॅक्टर कसा जातो, हा प्रश्न त्यांनी विचारला तेवढ्यात तो समोरच आला: उंच पायांचा, दोन चाके ओळीच्या अलीकडे, दोन पलीकडे, आणि वेलींची ओळ त्याच्या पोटाखालून सरकत जाणारी. बाजूची पाती वाढलेले शेंडे खुडत होती. तो बांधावर वळून पुढच्या ओळीत शिरेपर्यंत वडील हलले नाहीत. इथे वर्षाला एकच छाटणी, तीही हिवाळ्यात, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “थंडीनं वेल झोपते ना इथं. आपल्याकडं झोपतच नाही, म्हणून तर एप्रिलला एकदा आणि ऑक्टोबरला एकदा.” फिलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केल्यावर अमेरिकन खुंटांवर कलमे करावी लागली, हे ऐकून त्यांना आपल्याकडचा डॉगरिज हा खुंट आठवला, तोही मूळ अमेरिकेचाच, फक्त आपण तो पाण्याच्या टंचाईमुळे आणि क्षारांमुळे घेतला.

रोमाने-काँती हा जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एकीचा मळा साडेचार एकरांपेक्षाही कमी आहे. बुटकी दगडी भिंत, एक क्रूस आणि आत न जाण्याची विनंती, एवढेच तिथे दिसते. जवळच्या, दिसायला तशाच मळ्याची किंमत वेगळी का, यावर मी चुनखडी, उतार आणि पाण्याचा निचरा ही कारणे सांगितली. वडिलांनी ती मान्य केली, पण नावाचाही वाटा असणार, असे जोडले. याच लहान लहान, नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यांमुळे २०१५ मध्ये हा भाग जागतिक वारसा यादीत आला.

जेवणाची आखणी मला प्रवासापेक्षा जड गेली. अनेक रश्श्यांत वाइन असते, आणि बर्गंडीच्या नावाने मिळणाऱ्या मोहरीच्या चटणीतही पांढरी वाइन असते, म्हणून ती वर्ज्य. चीज, पाव आणि शनिवारच्या बाजारातील फळे यांवर भागले. एकादशीला चेरी आणि जर्दाळू कामी आले.

फाँतनेच्या मठासाठी दिजोंला गाडी बदलून माँबारला उतरावे लागते आणि पुढे सहा किलोमीटर टॅक्सी करावी लागते. ती परतीच्या वेळेसह आधीच ठरवावी, आम्ही तसेच केले. १११८ मध्ये स्थापन झालेला हा मठ आहे, आणि साधूंची लोहारशाळा बघण्यासारखी आहे. व्हेझले आणि क्लूनी ही बर्गंडीतली प्रसिद्ध मठांची ठिकाणे मात्र आम्ही वगळली: बोनहून मोटारीशिवाय दोन्हीकडे जाण्यात दिवसाचा मोठा भाग वाट पाहण्यातच गेला असता, आणि त्या वेळात वडिलांना बोनजवळच्या पोमार व व्होलने या गावांच्या मळ्यांतून पुन्हा एक चक्कर मारायची होती.