लाटेखालची वाळू

बडोद्यापासून समुद्र दूर, आणि त्यातल्या त्यात जवळचे खंभातचे आखात गाळाने गढूळ; त्यामुळे लाटेखाली वाळूचे काय होते हे मी प्रथम पाहिले ते आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत. पुढे किनारा अभियांत्रिकी हाच माझा व्यवसाय झाला, याचे श्रेय आमच्या विज्ञानाच्या सरांना आहे.

सरांनी काचेच्या लांबट टाकीत ओरसंग नदीची चाळलेली बारीक वाळू पसरली होती आणि एका टोकाची लाकडी फळी ते संथ लयीत पुढेमागे हलवीत. लाटेतले पाणी पृष्ठभागाजवळ वर्तुळात फिरते, लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ही हालचाल जवळजवळ संपते, पण उथळ पाण्यात ती वर्तुळे चपटी होत जाऊन तळाशी नुसती ये-जा उरते, हे त्यांनी आधी समजावले. हळूहळू वाळूवर वळ्या उमटल्या. "आता वळीच्या माथ्यामागे बघा," सर म्हणाले. पाणी माथा ओलांडताना मागे इवलासा भोवरा तयार होई, कण त्यात गिरक्या घेत, आणि पाण्याची दिशा उलटताच तो भोवरा वाळूसकट वर फेकला जाई. या वळ्यांवरचा आपला निबंध ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्था एअर्टन यांनी १९०४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे स्वतः वाचला आणि तेथे असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या, हेही सरांनी मुलींना आवर्जून सांगितले.

साधारण ०.२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे दोन सेंटीमीटर खाली येतो. म्हणजे आठ सेकंदांच्या लाटेत फार तर वीतभर. म्हणूनच बहुतेक वाळू तळालगतच राहते आणि प्रत्येक लाटेला ती नव्याने उचलावी लागते. लाट फुटते तेथे मात्र तिची घुसळण तळापर्यंत पोहोचून वाळू बरीच वर चढते. वादळात तर वळ्याच पुसल्या जातात आणि वाळूचा वरचा थर सलग सरकू लागतो.

लाट वाळू उचलते, पण दूर नेतो तो प्रवाह. किनाऱ्याला समांतर वाहणारा जो मंद प्रवाह एरवी कणालाही हलवू शकला नसता, तोच लाटेने उचललेली वाळू सहज वाहून नेतो. त्याच्या वाटेत धक्का बांधला की एका बाजूला वाळू साठते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा झिजू लागतो. म्हणून असा आराखडा समोर आला की तळाशी लाटेचा जोर किती आणि वाळूचे कण किती जाड, हे मी आधी विचारतो. प्रवाहाचे गणित त्यानंतर.