24 पाकळ्या आणि 18 मिलिमीटर

घुमटाचं ड्रॉइंग हातात आलं तेव्हा मी आधी वजनाचा हिशोब मांडायला बसलो. शेड, जिने, रेलिंग, टाक्यांचे स्टँड हेच काम वर्षानुवर्षं केलेलं, त्यामुळे लोखंड किती लागेल हा प्रश्न डोक्यात पहिला येतो. 6 मीटर व्यासाचा अर्धगोल, आत लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वरून तांब्याचा पत्रा आणि टोकावर कळस. सांगाडा साधारण 850 किलोचा निघाला. क्रेनच्या दृष्टीने हे काहीच नाही, म्हणून निर्धास्त झालो.

स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंनी पहिल्याच बैठकीत माझा कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हा खाली येईल याची चिंता सोडा. वाऱ्याने वर उचलला जाऊ नये याचं बघा." गोल पाठीवरून वारा वाहतो तेव्हा माथ्यावर वरच्या दिशेने ओढ बसते, आणि तांबं-लाकूड धरूनही घुमट तसा हलकाच. म्हणून अँकर बोल्ट, म्हणजे घुमटाला धरून ठेवणारे काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट, ओढीसाठी मोजायचे. दुसरी गोष्ट त्यांनी कागदावर अर्धगोल काढून दाखवली. स्वतःच्या वजनाखाली माथ्यापासून सुमारे 52 अंशांपर्यंतचा भाग आडव्या दिशेने दाबला जातो. त्याखालचा भाग बाहेर फाकू बघतो. ते फाकणं धरून ठेवतं तळाचं कडं. पिंपाला पट्टा असतो ना, तसं. त्या कड्यात एक जरी सांधा कच्चा राहिला तर वरची सगळी मेहनत वाया. उभ्या बरगड्या, आडवी कडी आणि मधे तिरपे पाइप ही रचना श्वेडलर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1863 मध्ये बर्लिनच्या गॅस कारखान्यासाठी वापरली होती आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आमचा सांगाडा त्याच जातीचा.

मग आला पत्र्याचा प्रश्न. सपाट पत्रा गोलाकार चेंडूवर सुरकुती न पडता बसतच नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये हे सिद्ध केलंय, पण ज्याने एकदा पत्रा ठोकून बघितला त्याला ते हातालाच कळतं. एक मार्ग होता प्रत्येक तुकडा ठोकून दोन्ही बाजूंनी फुगवायचा. आम्ही तो सोडला. घुमट 24 कोनी करायचा ठरला, म्हणजे प्रत्येक पाकळी (तळाशी रुंद, माथ्याकडे निमुळती होणारी पत्र्याची पट्टी) फक्त उभी वाकेल, आडवी सरळच राहील. 6 मीटरच्या वर्तुळात 24 भाग केले की पाकळीच्या मध्यावर पत्रा खऱ्या गोलापेक्षा सुमारे 26 मिलिमीटर आत जातो. जमिनीवरून बघणाऱ्याला तो गोलच दिसतो, आणि उन्हात कडांची बारीक रेघ उमटते ती मला अखंड गोलापेक्षा जास्त देखणी वाटते.

सांगाड्यात पहिली अडचण माथ्यावर आली. 24 बरगड्या 600 मिलिमीटरच्या वरच्या कड्याला भिडणार, म्हणजे दोन पाइपच्या सेंटरमध्ये जेमतेम 78 मिलिमीटर. पाइप 60 चा. मधे उरतात 18 मिलिमीटर आणि त्या फटीत वेल्डिंगची टॉर्च शिरत नाही. कागदावर हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. 12 बरगड्या थेट माथ्यापर्यंत नेल्या, बाकीच्या 12 खालच्या, 3 मीटर व्यासाच्या कड्यावर थांबवल्या. त्यावरचे मधले कोन लाकडी पट्ट्यांवर सांभाळले.

बरगड्या रोलिंग मशीनवर वाकवल्या. पाइप रोलरमधून सुटला की थोडा उलगडतो, त्यामुळे प्रत्येक बरगडी जमिनीवर आखलेल्या पूर्ण मापाच्या कमानीवर झोपवून तपासायची, कमी वाटली की परत मशीनवर. जोडणीत आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मग समोरासमोरचे सांधे आळीपाळीने. एकाच बाजूने वेल्ड करत गेलं तर उष्णतेने कडं ओढलं जातं आणि गोलाचं अंडं होतं. दर चार सांध्यांनंतर आमचा जुना फिटर चार दिशांना टेप धरायचा आणि आकडे खडूने फरशीवर लिहायचा. शेवटी चारही मापांत 2 मिलिमीटरचा फरक. कड्याच्या आत तात्पुरते आडवे-उभे पाइप बांधले, उचलताना आकार मोडू नये म्हणून.

पाकळ्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. 24 पाकळ्या म्हणजे एका पाकळीत 1 मिलिमीटर जास्त गेला की फेरी पूर्ण होताना 24 मिलिमीटरची चूक. मार्करची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, म्हणून कापायच्या रेषा सुईने ओढल्या. मात्र दुमडायच्या रेषेवर सुई अजिबात लावायची नाही, कारण त्या ओरखड्यावर तांबं पुढे चिरतं. तिथे पेन्सिल. 0.6 मिलिमीटरचा पत्रा, पाकळीची लांबी 4.4 मीटर, तळाशी रुंदी 783, 30 अंश उंचीवर 678, 60 अंशांवर 392. एका कडेला 35 आणि दुसऱ्या कडेला 45 मिलिमीटर उभं दुमडायचं. दोन्ही कडा एकमेकांत दोनदा गुंडाळल्या की 25 मिलिमीटरची उभी शिवण तयार होते. शिवणीच्या पायाशी थोडी मोकळी जागा सोडावी लागते. कडक उन्हातलं आणि थंड पहाटेचं तापमान यात 60 अंशांचा फरक धरला तर एवढी लांब पाकळी साडेचार मिलिमीटर वाढते-आखडते. म्हणून ती माथ्याजवळच पक्की धरली, बाकी ठिकाणी शिवणीत अडकून पत्र्याला फळ्यांशी धरणाऱ्या क्लिपा सरकत्या. पत्र्याला आरपार खिळा एकही नाही.

तळाच्या कोपऱ्यात पत्रा तीन दिशांनी दुमडतो. दुसऱ्या-तिसऱ्या घडीला तांबं कडक होऊन हाताला साथ देईनासं होतं. तेव्हा तेवढाच कोपरा मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. लोखंडाचा पत्रा करणाऱ्या आमच्या मुलांना वाटलं, पाण्यात घातल्यावर हे आणखी कडक होणार. तांब्याचं तसं नाही, ते मऊच बाहेर येतं. काळवंडलेला तो कोपरा बोटांनी सहज वळतो तेव्हा फार बरं वाटतं.

तांबं आणि लोखंड एकमेकांना लागू द्यायचं नाही हा नियम मी प्रत्येकाला तोंडपाठ करायला लावला. ओल आली की दोघांमध्ये लोखंडच खाल्लं जातं. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात तांब्याच्या कातडीखालचं लोखंड असंच गंजलं आणि 1980 च्या दशकातल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आमच्याकडे मधे फळ्या आणि त्यावर ओल अडवणारा कागद होता, क्लिपा तांब्याच्या, स्क्रू स्टेनलेसचे.

आणि मग 18 मिलिमीटर.

क्रेन दुसऱ्या दिवशीची ठरलेली. फिटर म्हणाला, "साहेब, एकदा वर फरमा लावून बघू." आम्ही कड्याच्या बेस प्लेटची, म्हणजे बोल्टांवर बसणाऱ्या तळपट्ट्यांची, भोकं प्लायवर उतरवली आणि फरमा घेऊन गच्चीवर गेलो. दोन बाजूंचे बोल्ट बरोबर भोकात बसले. उरलेल्या दोन बाजूंना ते बाहेर सरकलेले. काँक्रीटच्या गोल बीमचा साचा ओतताना एका दिशेला फुगला होता आणि त्या दिशेने बोल्टांचं वर्तुळ 18 मिलिमीटरने मोठं झालं होतं. बांधकाम करणाऱ्यांनी "6 मीटर, एकदम गोल" असं फोनवर सांगितलं होतं आणि मी तेच धरून सगळं घडवलं. स्वतः वर जाऊन मापं घेतली नाहीत ही माझी चूक आणि ती मला आजही लागते.

साइटवर सगळ्यांचं म्हणणं, जॅक लावून कडं ताणा, 18 मिलिमीटर म्हणजे काय मोठं. फिटर मान हलवत राहिला. "रिंगला हात लावू नका साहेब. रिंग बरोबर आहे." त्याचं खरं होतं. कडं ताणलं असतं तर 24 बरगड्या फिरल्या असत्या आणि प्रत्येक पाकळीची रुंदी बदलली असती. क्रेन पुढे ढकलली. 12 बेस प्लेट कापून काढल्या, नव्या लांबट प्लेटमध्ये केंद्राच्या दिशेने स्लॉट, म्हणजे लांबट भोकं, पाडले. घुमट लेव्हलला आल्यावर स्लॉटवर जाड वॉशर प्लेट वेल्ड करायच्या आणि खाली न आकसणारा ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरायचा, असं इंजिनिअर बाईंकडून मंजूर करून घेतलं. चार दिवस गेले.

उचलण्याचं काम पहाटे, वारा उठायच्या आत. वर स्प्रेडर बीम, म्हणजे स्लिंगा (उचलायचे पट्टे) एकमेकींपासून लांब ठेवणारा आडवा दांडा, त्याखाली स्लिंगा जवळजवळ उभ्या. स्लिंग जमिनीशी 30 अंशांवर आली की तिच्यावर दुप्पट ओढ येते आणि ती कडं आतही दाबते. चार बाजूंना चार माणसं दोर धरून. सांगाडा वर जाताना एकदा हळूच फिरला, दोरावरच्यांनी त्याला परत खुणेवर आणला. खाली उतरताना पहिला बोल्ट स्लॉटमध्ये शिरल्याचा आवाज आला आणि पुढचे अकरा एकामागोमाग शिरले. फिटरने ओळंबा सोडला, माथ्याचं केंद्र तळाच्या केंद्रापासून 3 मिलिमीटरवर होतं.

पाकळ्या परांची बांधून वरच लावल्या. चोविसावी पाकळी बसवताना फट 1 मिलिमीटरने कमी पडली, तेवढं शिवणींच्या पायाशी सोडलेल्या जागेत सामावलं.

पहिल्या मोठ्या पावसात बॅटरी घेऊन आत चढलो. फळ्या कोरड्या होत्या, पण माथ्याजवळ तळहाताएवढा डाग. वाऱ्याने पाणी वर ढकललं जाऊन कळसाच्या टोपीखालून आत आलं होतं. टोपी पाकळ्यांवर फक्त 60 मिलिमीटर उतरत होती. टोपी काढली, पाकळ्यांची वरची टोकं 100 मिलिमीटर उभी दुमडली आणि टोपीला 150 मिलिमीटरचा घेर लावून परत बसवली. कळसावरून जमिनीत गेलेली वीजरोधक पट्टी त्या निमित्ताने पुन्हा तपासली. पुढच्या पावसात रात्री परत चढलो आणि माथ्याखालच्या फळीवर हात फिरवला. लाकडाला नुसती ऊब होती.