१०.५.५.९ उघडत नाही

लॅपटॉपवरून वायफायने कॅमेरा कसा चालवायचा, यावर मी मराठीत एक लेखमाला लिहिली आहे. ती वाचून लातूरच्या एका विद्यार्थ्याची मेल आली. "मॅडम, तुमच्या चौथ्या भागात 'नमुना कोड इथून घ्या' असं आहे, त्यावर क्लिक केलं तर ऑनलाइन रमी उघडली. बाबा शेजारीच बसले होते." पुढे त्याने हसरा चेहरा टाकला होता. मला काही हसू आलं नाही.

तो चौथा भाग मी २०१५ साली लिहिलाय. त्या वर्षी आमच्या मागच्या भिंतीच्या भोकात दयाळाने घरटं केलं होतं. जवळ गेलं की मादी भुर्रकन उडून जायची. म्हणून पुतण्याचा गोप्रो हिरो ४ हा छोटा कॅमेरा मागून आणला, शेवग्याच्या फांदीला बांधला आणि स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवरून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने फोटो काढायला शिकले. जे जमत गेलं ते मराठीत लिहीत गेले. आधी गोप्रो, मग लुमिक्स कॅमेरा, मग पीटीपी-आयपी (नेटवर्कवरून कॅमेऱ्याशी बोलायची ठरलेली भाषा), असे नऊ भाग झाले. दयाळाची पिल्लं उडून गेली, कॅमेरा मात्र परत गेला नाही. (पुतण्या दर दिवाळीला आठवण करून देतो.)

मेल वाचल्यावर नऊही भागांतल्या लिंका काढल्या. ८६ भरल्या. चार-पाच हाताने उघडून पाहिल्या, कंटाळा आला, मग वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक पत्त्याला हाक मारायची, दहा सेकंद वाट बघायची आणि काय उत्तर आलं ते तक्त्यात लिहायचं. पहिल्याच फेरीत ५३ लाल, म्हणजे न उघडणाऱ्या. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की घाईत मी हेड विनंती पाठवत होते. म्हणजे पान नको, फक्त घरात कोणी आहे का एवढं सांगा. काही सर्व्हरना हे आवडत नाही, ते ४०५ ('असं विचारायचं नाही') तोंडावर मारतात. तेच रीतसर गेट (म्हणजे 'पान द्या') पाठवलं की मुकाट्याने पान देतात. काहींना समोर स्क्रिप्ट आहे असा नुसता वास आला तरी ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'. ब्राउझरने गेलं की "या, बसा". असे सगळे वजा केल्यावर खरा आकडा निघाला ४१.

प्यू रिसर्चने २०२४ मध्ये मोजून सांगितलं होतं की २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नाहीत. माझं प्रमाण निम्म्याजवळ गेलं. कॅमेऱ्यांचा विषयच तसा नासका आहे. दोन वर्षांत मॉडेल जुनं होतं आणि त्याच्या पाठोपाठ त्याची पानंही जातात.

पण रमीवाली लिंक या ४१ मध्ये नव्हतीच! तिच्यापुढे २०० असा शेरा, म्हणजे सगळं ठीक. ते संकेतस्थळ चालवणाऱ्या गृहस्थांनी डोमेनचे पैसे भरणं कधीतरी सोडलं असणार, आणि दुसऱ्या कोणीतरी ते उचललं. म्हणजे हिरव्या ४५ लिंकाही एकेक उघडून डोळ्यांनी बघणं आलं. तशा बघितल्या तेव्हा आणखी तीन सापडल्या. एकावर 'हे डोमेन विकणे आहे', आणि दोन लिंका थेट कंपनीच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडणाऱ्या, जिथे या वर्षीचा नवा कॅमेरा चमकत होता. त्यापेक्षा 'पान सापडलं नाही' म्हणणारा ४०४ परवडला. वाचणाऱ्याला निदान कळतं की इथे आता काही नाही.

दुरुस्तीत सोपा भाग गूगल कोडचा, म्हणजे लोक आपापले कोड ठेवायचे त्या गूगलच्या जागेचा. ते बंद होणार हे २०१५च्या मार्चमध्येच जाहीर झालं होतं आणि मी शहाणीने मे महिन्यात तिथली लिंक दिली. नशिबाने जुने प्रकल्प त्यांच्याच संग्रहाच्या पत्त्यावर अजून वाचायला मिळतात, त्यामुळे सहा लिंका अर्ध्या तासात उरकल्या. बऱ्याचशा वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, मिळाल्या. तिथे एक काळजी घ्यावी लागते: सगळ्यात अलीकडची प्रत उचलायची नाही. अलीकडची प्रत बहुतेक वेळा त्या रमीचीच असते. आपण लिहिलं त्या महिन्याच्या आसपासची प्रत शोधायची आणि तोच तारखेचा पत्ता द्यायचा. आणि छोटे पत्ते! तेव्हा लांब पत्ता आखूड करून देणाऱ्या गूगलच्या छोट्या पत्त्यांची फॅशन होती, मीही अकरा ठिकाणी वापरले होते. असा पत्ता मेला की मूळ पान कुठलं हेसुद्धा कळत नाही, मग संग्रहात शोधणार काय? माझ्याच जुन्या मसुद्यांत लांब पत्ते शिल्लक होते म्हणून निभावलं.

आता ४१ पैकी उरलेल्या लाल ओळींत सात ओळी अशा होत्या की बघून मी स्वतःशीच हसले. १०.५.५.९ आणि १९२.१६८.५४.१. पहिला गोप्रोचा, दुसरा लुमिक्सचा. हे पत्ते जगाच्या इंटरनेटवर नाहीतच. कॅमेरा चालू करा, त्याच्या वायफायला जोडा, की तो त्या पत्त्यावर उत्तर देतो. कॅमेरा बंद, तर पत्ता मेला. माझा कॅमेरा कपाटात, स्क्रिप्ट बिचारी उत्तर कुठून आणणार? त्या सात ओळी यादीतून वगळल्या, बाकीचं नीट केलं आणि लातूरला कळवलं.

दोन दिवसांत परत मेल. "मॅडम, लिंक चालली, कोड उतरवला. पण कॅमेरा हूं की चूं करत नाही."

त्याच्याकडे हिरो ९ होता. कॅमेऱ्याचा पत्ता अजूनही तोच १०.५.५.९. पण हिरो ४ ला आज्ञा द्यायची ती जीपी-कंट्रोल या वाटेने, 'शटर, पी बरोबर १' अशी, आणि साध्या ८० नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं एक दार). त्याच्याही आधीच्या मॉडेलांत तर वायफायचा पासवर्ड उघडाच पत्त्यात घालावा लागायचा. हिरो ९ पासून कंपनीने ओपन गोप्रो नावाने नियम जाहीर केले. त्यात पोर्ट ८०८०, वाट वेगळी, आणि मुळात ब्लूटूथवरून आधी सांगावं लागतं की बाबा, तुझं वायफाय सुरू कर. तोवर १०.५.५.९ वर चिटपाखरू नसतं. म्हणजे मी त्याला दहा वर्षांपूर्वीचं पान धुऊन-पुसून परत दिलं होतं, आणि ते त्याच्या काहीच कामाचं नव्हतं. ज्या सात ओळी वगळल्या, खरी तुटलेली लिंक तिथेच होती. चौथ्या भागाच्या वरच आता ठळक चौकट टाकली आहे, कोणत्या मॉडेलला कोणती वाट ते. हिरो ९ ची वाट मी कागदपत्रं वाचून लिहिली आणि लातूरकरांनी ती चालवून बघितली.

सगळ्यात जास्त वेळ सातव्या आणि आठव्या भागाने खाल्ला. तिथे मी एका कंपनीच्या एसडीकेकडे (कॅमेऱ्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कंपनी देते तो संच) बोट दाखवून मोकळी झाले होते, "सविस्तर माहिती इथे पाहा". ते पान गेलं. वेबॅकवर आहे, पण फक्त नोंदणीचा अर्ज. अर्जाच्या पलीकडची झिप फाइल कोणताच संग्रह उचलू शकत नाही. माझ्या डिस्कवर ती झिप आहे. पण घेताना मीच 'दुसऱ्याला देणार नाही' या करारावर टिचकी मारली आहे. कोणी बघायला येणार नव्हतं हे खरं. तरी नाही दिली.

मग दुसरा रस्ता. माळ्यावर फरसाणाच्या डब्यात माझे जुने पेनड्राइव्ह असतात (२०१९च्या पुरात खालचं सगळं गेलं, हा डबा वाचला). त्यात २०१६ साली वायरशार्कने, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा टिपणाऱ्या प्रोग्रामने, पकडलेली पॅकेटं मिळाली. ती समोर ठेवून मी आता माझ्या शब्दांत लिहिलं की तारेवर, म्हणजे हवेत, नक्की काय जातं. पीटीपीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ १५७४०, आणि पीटीपी-आयपीचा पोर्टही १५७४०, त्यामुळे आकडा विसरायची सोय नाही. पहिल्या पॅकेटात आधी चार बाइट लांबी, मग चार बाइट प्रकार, त्यात १. मग आपली सोळा बाइटांची ओळख, मग आपलं नाव यूटीएफ-१६ या अक्षरांच्या पद्धतीत, शेवटी आवृत्ती. सगळे आकडे लिटल-एंडियन, धाकटा बाइट पुढे. यात मी तेव्हा तीन रात्री घालवल्या होत्या, कारण लांबीच्या त्या चार बाइटांत स्वतः लांबीचे चार बाइटही धरायचे असतात. कॅमेरा उत्तरात एक जोडणी क्रमांक देतो. तो घेऊन त्याच पोर्टवर दुसरी जोडणी उघडायची, घडामोडींच्या बातम्यांसाठी. ही दुसरी जोडणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकांत) १००२ ने सत्र उघडायचं आणि १००ई ने क्लिक.

एवढंच होतं ते. दोन परिच्छेद. तेव्हाच लिहिले असते तर त्या लिंकेची गरजच पडली नसती. पण तेव्हा मला वाटायचं की कंपनीचं पान जास्त अधिकाराचं, आपण कोण सांगणारे.

शेवटी हौस म्हणून ठरवलं की त्या सात लाल ओळीही एकदा हिरव्या करायच्याच. गोप्रो कपाटातून काढला. पुतण्याला फोन केला तर म्हणाला, "काकू, बॅटरी आधी बघा, फुगली असेल तर लावू नका." फुगली होतीच, बाहेर काढताना नखं गेली. नवी मागवली. रविवारी सकाळी चार्ज करून कॅमेरा शेवग्याऐवजी ओट्यावर ठेवला, लॅपटॉप त्याच्या वायफायला जोडला. दहा वर्षांपूर्वीचीच स्क्रिप्ट, फक्त नव्या पायथनला लागतात म्हणून प्रिंटला कंस घातले. बीप वाजली, लाल दिवा लुकलुकला. कार्डावर मिक्सरचा आणि अर्ध्या नारळाचा फोटो.

त्याच जोशात तपासणीची स्क्रिप्ट पळवली. १०.५.५.९ च्या सगळ्या ओळी हिरव्या. आणि बाकीच्या ऐंशीएक ओळी एकजात लाल. क्षणभर काळीजच थांबलं. मग आठवलं, लॅपटॉप कॅमेऱ्याच्या वायफायला जोडलाय, तिथे इंटरनेट कुठलं?

कॅमेरा आणि इंटरनेट दोन्ही एकदम जोडता यावं म्हणून यूएसबीवर लावायचं दुसरं वायफाय डोंगल मागवलंय. लुमिक्सच्या दोन ओळी तरीही लालच राहणार, तो कॅमेरा मी २०१८ मध्ये विकला.