दहा ते दोन

रविवार. रात्रीचे साडेअकरा होऊन गेले असतील.

शुक्रवारी जेवताना दादू म्हणाला, "मम्मी, तू गोळी खाल्लेली राहते ना, तेव्हा चांगली राहते."

मी शेवभाजी वाढत होते. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, रश्शात भाकरी कुस्करता कुस्करता बोलला. आज मिरची जास्त झाली म्हणावं, तशा आवाजात. हे हसले. मीही हसले. मग पातेलं परत गॅसवर ठेवलं आणि ते खालून लागलं, पण ते आमच्याकडे नेहमीचंच.

रात्री दोनला जाग आली ती याच वाक्याने.

आपल्या इकडे "राहते" म्हणजे "असते", एवढंच. ती घरी राहते, तिचं डोकं दुखत राहतं. पण रात्री दोन वाजता तो शब्द मला पुण्याच्या मराठीत ऐकू यायला लागला. म्हणजे चांगली ती कुणी दुसरीच, माझ्यात भाड्याने राहते. दहाला येते, दोनला जाते.

आणि हे अगदी खरं आहे, म्हणून तर झोप गेली. गोळी एडीएचडीची, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या प्रकारावरची, चार तासांची. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे टेकडी काढून दाखवली होती. अर्ध्या-पाऊण तासात चढ, वर थोडं सपाट, मग उतार. मी ती मिलमध्ये टेबलावर बसल्या बसल्या घेते, दहाला. दोनपर्यंत व्हाउचर, ई-वे बिलं, तुरीच्या आवकेच्या नोंदी, मध्येच कुण्या व्यापाऱ्याचा फोन, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा त्याच ओळीवर येणं. हे शेवटचं ज्यांना जन्मापासून येतं त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. मला पहिल्या दिवशी ते आलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

दोननंतर उतार. उतरताना जरा चिडचिड होते, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारी आणखी एक घेता येते. पण उशिरा घेतली की रात्री छताकडे बघत पडायचं, आणि वेळेवर घ्यायची म्हटलं तर आठवत नाही. विसरभोळेपणावरचं औषध रोज दुपारी विसरलं जातं, यावर आमच्या घरात आता कुणी हसतही नाही.

तर हिशेब असा. दहा ते दोन मिलच्या नावावर. सहानंतर जी घरी येते ती दादूच्या नावावर. दप्तर आवरलं नाही म्हणून ओरडणारी, आणि ओरडता ओरडता आपण कशावरून ओरडत होतो तेच विसरणारी. रविवारी गोळी नाही घेतली तरी चालते, म्हणून मी घेत नाही. दुसऱ्यांचे हिशेब लिहून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःचा हा हिशेब आठ महिन्यांत कधी दिसला नाही, हे मात्र मला शोभतं.

मग त्याला चांगली मम्मी दिसली कधी?

ते शनिवारी सकाळी आठवलं. गेल्या महिन्यात, वीस तारखेच्या आधीचा रविवार. मिलचं थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं राहिलं होतं आणि उशीर झाला की दिवसाला ५० रुपये. म्हणून घरीच गोळी घेऊन लॅपटॉप उघडला, तर साइट नुसती फिरत बसली. तेवढ्यात दादू आला आणि मालगाडीचं सांगायला लागला. फाटकावर त्याने डबे मोजले ते अठ्ठावन्न, त्याच्या दोस्ताने मोजले ते एकोणसाठ, त्यावरून दोघांची बोलचाल बंद. अशा गोष्टी तो रोज सांगतो. मी रोज तिसऱ्या वाक्याला "हं" म्हणते आणि तिथून निघून जाते, शरीर तिथेच ठेवून. त्या दिवशी मी शेवटपर्यंत होते. गोष्ट संपल्यावर विचारलं, "ब्रेकव्हॅन धरली होती का रे तू?" म्हणजे शेवटचा, गार्डचा डबा.

त्याचं तोंड पाहायला हवं होतं. चप्पल न घालता पळत गेला तो खाली.

एवढंच. एक प्रश्न. नऊ वर्षांच्या पोराने त्यावरून मला चांगलीत जमा केलं.

आता शनिवारभर मी जे केलं त्याला आमच्या आईच्या भाषेत कुढणं म्हणतात. सगळं उकरून काढलं. आणि उकरलं की खाली बिबड्याच निघतात, आमच्या खान्देशातले ज्वारीचे पापड.

डॉक्टरांना माझ्या लहानपणाचं कुणीतरी सांगायला हवं होतं. मोठेपणी हे निदान करायचं तर लक्षणं बारा वर्षांच्या आतली असावी लागतात, मोठेपणी अचानक विसरायला लागलेल्यांचं कारण दुसरं असू शकतं. म्हणून आईला फोन लावून दिला. आई म्हणाली, "काही नव्हतं हो तिले. जराशी येडपट होती, बस." आणि मग येडपटपणाचा पुरावा म्हणून तिनेच बिबड्यांची गोष्ट सांगितली. सगळी. मी समोर बसून ऐकत होते, फोन स्पीकरवर.

मी चौथीत. ज्वारी भिजवून, आंबवून, पहाटे चारपासून घाटा हाटून, गल्लीतल्या पाच-सहा बाया बोलावून गच्चीवर ओल्या कापडावर बिबड्या घातलेल्या. मला राखणीला बसवलं. बकऱ्या येतात, पोरं ओल्या बिबड्या उचलून पळतात. दुपारी सातपुड्याच्या बाजूने आभाळ भरून आलं. मी पळून गेले नव्हते, झोपले नव्हते, खेळत नव्हते. मी गच्चीवर बिबड्यांच्या शेजारी बसून ते आभाळ बघत होते. काळ्याच्या खाली पिवळं, त्याच्या खाली केळीच्या बागांचा हिरवा. पहिले थेंब पडले, मातीचा वास आला, तो घेतला. आई धावत वर आली तोवर कापडावर पुन्हा घाटा झालेला होता.

"पाहत बसेल होती हो," आई डॉक्टरांना सांगत होती. "डोळ्यानं पाहत बसेल होती!"

डॉक्टर लिहून घेत होते. तीस वर्षांपूर्वी त्याच वाक्याबरोबर पाठीत लाटणं बसलं होतं. त्या लाटण्याचं मला फार काही वाटत नाही, तेव्हा सगळ्यांनाच बसायचं. पण त्या दिवसापासून गल्लीत मी "बिबडी" झाले, आणि ते...

जाऊ दे.

गोळीबद्दल लिहायचं होतं. दादूची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कुणी? हा प्रकार घराण्यात उतरतो त्यात अनुवंशाचा वाटा ७० ते ८० टक्के धरतात, जवळजवळ उंचीइतका. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही हे मला दिसलं. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, आमच्याकडे असं कुणात नव्हतं. बरोबरच आहे, त्यांच्याकडे असलेल्याला "तापट" म्हणतात.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक अॅटोमोक्सेटिन, रोज घ्यायचं, पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. दुसरं मिथाइलफेनिडेट, त्याच दिवशी चढतं, त्याच दिवशी उतरतं. काही आठवडे वाट बघणं ज्याला जमलं असतं तो या खुर्चीत कशाला आला असता? दुसरं निवडलं. तीन दुकानांत नव्हतं. चौथ्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, मादक पदार्थांच्या कायद्यातलं औषध आहे, त्याचंही चुकत नाही. "पेशंट कोण?" "मी." "तसं नाही ताई, गोळ्या कोणासाठी?"

त्या रात्री गोळी घ्यायची की नाही याचा विचार करायला बसले आणि तीन तास त्या गोळीचा इतिहास वाचला. बासलच्या सीबा कंपनीतल्या लिआंद्रो पॅनिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञाने ती १९४४ साली बनवली. त्याच्या बायकोचा रक्तदाब कमी राहायचा, टेनिसच्या आधी ती घ्यायची म्हणतात. तिला रिटा म्हणायचे म्हणून औषधाचं नाव रिटालिन. आपल्याकडे बायकोच्या नावावर फार तर सातबारा चढतो. आणि त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरने अशाच जातीचं दुसरं औषध मुलांना डोकेदुखीवर देऊन पाहिलं होतं. डोकेदुखी फारशी हलली नाही, पण काही मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. हे सगळं मला पाठ आहे. गोळी घ्यायची की नाही याचा विचार तेवढा राहून गेला. सकाळी सरळ घेतली.

आईला सांगताना म्हणाले, पोराला द्यायची की नाही ते कळावं म्हणून आधी मी चाखून बघते. दूध मनगटावर टाकून बघतात तसं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की तुम्हाला काय होतं त्यावरून त्याचं ठरत नाही. खरं तर मला ती हवी होती. दादूचं कारण पुढे केलं.

त्याची फाईल अजून कपाटावर आहे. वजन, उंची, नाडी, बीपी, सगळं लिहून. गोळीने भूक मरते, वाढीवर लक्ष ठेवावं लागतं. भुकेचं मला माहीत आहे. मागच्या महिन्यात मळ्यात भरीत केलं होतं, बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, कळण्याच्या पुऱ्या, आणि मी दीड पुरीवर हात धुतला. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. खान्देशात भरिताला नाही म्हणणारी सून म्हणजे काय! पण मी मोठी आहे. रात्री दहाला भूक लागली की उठून फोडणीची भाकरी करून खाते. ते पोर किडकिडीत. हे म्हणतात, मोठा झाला की जाईल. काहींचं कमी होतं, हेही खरं. माझं गेलं नाही, हेही खरं. येत्या पंधरा तारखेला डॉक्टरांना काहीतरी सांगायचं आहे.

पण शुक्रवारपासून मला भूक-वजनाची भीती राहिलेली नाही. भीती दुसरीच बसली. त्याला गोळी सुरू केली, ती लागू पडली, वही भरली, बाईंच्या तक्रारी थांबल्या, आणि एक दिवस भाजी वाढता वाढता, त्याच्याकडे न पाहता, मीच म्हणाले तर? "दादू, तू गोळी खाल्लेला राहतो ना, तेव्हा चांगला राहतो." मला माहीत आहे मी म्हणेन. माझ्या तोंडातून वाक्यं माझ्या आधी बाहेर पडतात. आणि तो रात्री दोनला उठून बसेल.

असो. कुढून कुढून शनिवारी संध्याकाळी कंटाळा आला. कंटाळा येणं हा आमच्या जातीच्या डोक्याचा एक मोठा फायदा आहे, दुःखसुद्धा फार वेळ धरून ठेवता येत नाही. रात्री ठरवलं, उद्याची गोळी दादूच्या नावावर. मिलला नाही, जीएसटीला नाही. चार तास, रोख.

आज सकाळी नऊला घेतली. दादू अंघोळीला गेला होता. फाटकावर जायचं, गाड्या मोजायच्या, असं ठरलं होतं. उन्हाला त्याची टोपी हवी म्हणून मी टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला.

त्या ड्रॉवरमध्ये कुलराची वॉरंटी होती, विजेची बिलं होती, बंद पडलेली तीन घड्याळं, यांच्या काकांच्या लग्नाची पत्रिका, सेल, रबरबँड. बिलं आधी वर्षाने लावली. मग वर्षाच्या आत महिन्याने. दोन बिलं सापडेनात, ती खालच्या ड्रॉवरमध्ये असणार म्हणून तो काढला. दादू दोनदा येऊन गेला म्हणे. मी दोन्ही वेळा "आलेच" म्हणाले म्हणे. मला एकदाचं आठवतंय. इतक्या शांतपणे, इतक्या नीट, एका कामातून न हलता मी आयुष्यात काही केलं नव्हतं. गोळी चांगलीच आहे, ती घोड्याला पळवते. कुठल्या रस्त्याने, ते तिला विचारून उपयोग नाही.

वर पाहिलं तेव्हा घड्याळात (चालू असलेल्या) एक वाजत आला होता. तीनही ड्रॉवर लख्ख. टोपी नव्हतीच त्यांत. घरात कुणी नाही.

जमिनीवर बिलांच्या मध्ये बसून मी आधी रडायच्या बेतात होते, मग मला आई आठवली, घाट्याने भरलेलं कापड हातात धरून उभी. डोळ्यानं पाहत बसेल होती. हसायलाच आलं. आज तर आभाळसुद्धा नव्हतं, बिलं बघत बसले होते.

दादू दोनच्या सुमारास आला, घामाघूम. दारातूनच ड्रॉवर पाहिले, मला पाहिलं.

"उतरली का गोळी?"

"उतरली."

"मग चल ना आता."

गेलो. हिवाळ्याचं ऊन, तरी टोपीवाचून चटका बसत होता. फाटक लागलेलंच होतं. भुसावळकडून मालगाडी आली, दोघांनी मोजायला सुरुवात केली. बाराव्या की तेराव्या डब्यावर कुणीतरी खडूने एक मोठा मासा काढला होता, अगदी खवल्यांसकट, आणि मी त्या माशाबरोबर थेट पुढच्या सिग्नलपर्यंत गेले. दादूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओठ हलवत मोजत राहिला.

एकोणसाठ, म्हणाला. ब्रेकव्हॅन धरून की सोडून, ते विचारायचं राहिलं.