शर्मन रणगाड्याचे चिलखत : मिलिमीटरपलीकडचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या एम४ शर्मन या मध्यम रणगाड्याचे चिलखत पातळ होते, असे सरसकट म्हटले जाते. मला हा निवाडा अपुरा वाटतो. १९४२ ते १९४५ या काळात सुमारे ४९ हजार शर्मन तयार झाले आणि त्या अवधीत चिलखताच्या जाडीपेक्षा त्याच्या रचनेत कितीतरी अधिक सुधारणा झाली.

शर्मनच्या नावापुढचे ए१, ए२ असे आकडे सुधारणांचा क्रम दाखवत नाहीत. ते मुख्यतः सांगाड्याची, म्हणजे बुरुजाखालच्या चिलखती धडाची, घडण आणि इंजिन सांगतात. एम४ए१चा सांगाडा ओतीव पोलादाचा, म्हणून गोलसर. इतरांचा बहुतांशी प्लेट वेल्डिंगने जोडून केलेला. एम४ए२मध्ये जोड डिझेल इंजिन, एम४ए३मध्ये फोर्डचे व्ही-८, तर एम४ए४मध्ये क्रायस्लरने मोटारींची पाच इंजिने एकत्र गुंफून केलेले ३० सिलिंडरांचे यंत्र होते आणि त्यासाठी सांगाडाच लांबवावा लागला.

आता दर्शनी चिलखत पाहू. सुरुवातीची प्लेट ५१ मिमी जाड आणि उभ्या रेषेपासून ५६ अंश कललेली होती. म्हणजे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला सुमारे ९१ मिमी पोलाद भेदावे लागे. नंतरची प्लेट ६४ मिमी जाड, पण कल ४७ अंशांचा. हिशेब सुमारे ९४ मिमी. एवढ्या किरकोळ फरकासाठी हा बदल झाला नव्हता. जुन्या रचनेत चालक आणि त्याचा सहायक यांच्यासमोर चिलखताला फुगवटे होते, त्यांचा दर्शनी भाग जवळजवळ उभा असल्याने तिथे कलाचा लाभच मिळत नसे. नव्या प्लेटमुळे ते फुगवटे गेले, वेल्डिंगचे सांधे कमी झाले आणि वरच्या झडपा, म्हणजे आत-बाहेर करण्याची दारे, मोठ्या करता आल्याने पेटत्या गाडीतून बाहेर पडणे सोपे झाले.

पेटण्याचा दोष पुष्कळदा पेट्रोलला दिला जातो. वास्तविक जर्मन रणगाडेही पेट्रोलवरच चालत. खरे कारण दारूगोळा होते. तो चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या वरच्या कप्प्यांत, अवघ्या ३८ मिमी बाजूच्या चिलखतामागे ठेवलेला असे. बाहेरून त्या जागी २५ मिमीचे तुकडे जोडून पाहिले गेले, पण तो तात्पुरता उपाय होता. खरा उपाय १९४४च्या सुमारास आला : गोळे तळाशी हलवून त्यांच्या कप्प्यांभोवती पाणी आणि ग्लिसरीनचे मिश्रण भरण्यात आले. अमेरिकी सैन्याच्या १९४५मधील पाहणीनुसार भेदले गेलेले जुन्या पद्धतीचे ६० ते ८० टक्के शर्मन पेटले होते. नव्या पद्धतीत हेच प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर आले. माझ्या मते शर्मनच्या संपूर्ण इतिहासातील हीच सर्वांत मोलाची सुधारणा आहे.

निव्वळ जाडीचा मार्गही अमेरिकेने पत्करून पाहिला. एम४ए३ई२ म्हणजेच ‘जम्बो’ या प्रकारात सांगाड्याच्या दर्शनी भागावर ३८ मिमीची जादा प्लेट चढवण्यात आली आणि तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या बाजू १५२ मिमी जाड केल्या गेल्या. त्याची किंमत वजनात मोजावी लागली : गाडी सुमारे ३८ टनांवर गेली, वेग घटला आणि असे २५४ रणगाडेच बांधले गेले. २६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मनांच्या वेढ्यातील, बेल्जियममधल्या बॅस्टोनमध्ये प्रथम पोहोचलेला ‘कोब्रा किंग’ याच प्रकारचा होता, आणि इतक्या जाड चिलखताच्या या गाडीतही दारूगोळा तळाच्या त्याच पाण्याने वेढलेल्या कप्प्यांत ठेवलेला होता.