रॅम्प आहे म्हणाले होते

सभागृहाला फोन करून मी विचारलं, "व्हीलचेअर आत येईल ना?" पलीकडून ताबडतोब उत्तर आलं, "हो हो, रॅम्प आहे." मी निर्धास्त होऊन मैफलीची दोन तिकिटं काढली. इथेच चुकलं. विचारायचं होतं ते वेगळंच, पण ते पुढे येईलच.

जायचं होतं मामांना. वय ७१, चाळीस वर्षं तबला वाजवला, सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. म्हणजे उजव्या हाताचा दायाँ गेला, डाव्या हाताचा बायाँ राहिला. अजूनही रेडिओवर काही लागलं की डावा हात व्हीलचेअरच्या हातावर घुमतो आणि दायाँवरचा 'ना' हा बोल यायच्या जागी नुसती शांतता. दोन्ही कानांना यंत्रं आहेत. गोव्यात नाट्यगीतांची मैफल आहे आणि साथीला त्यांच्या जुन्या ओळखीचा तबलजी आहे असं कळलं, तेव्हापासून आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. "खाप्रुमामा पर्वतकरांच्या मुलुखात जातोय, उगाच नाही," हे तर रोज दोनदा. खाप्रुमामा म्हणजे गोव्याचे थोर तबलावादक.

रत्नागिरीहून मांडवी एक्सप्रेसने करमळीला उतरलो. मडगाव सगळ्यांना आठवतं, पण पणजीला जायचं तर करमळी जवळ पडतं. ज्यांना सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही अशा अस्थिव्यंग प्रवाशाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, टू एसीला ५० टक्के सवलत आहे, आणि सोबत्यालाही तेवढीच. रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवलंत तर हे तिकीट घरबसल्या निघतं. आम्ही दोन वर्षं आळस केला आणि तेवढे पैसे घालवले. गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येते आणि बाहेर पडायचा रस्ता कुठल्या बाजूला आहे, हे निघण्याआधी स्टेशनमास्तरांना विचारा. जिना ओलांडायची वेळ आली तर हमाल शोधेपर्यंत जीव जातो.

टॅक्सीबद्दल एकच गोष्ट, पण ती लिहून ठेवा. गाडी ठरवताना डिकीत सीएनजीची टाकी आहे का ते विचारायचं. टाकी असेल तर घडीची व्हीलचेअर मावत नाही, आणि हे भर उन्हात सामान रस्त्यावर ठेवून कळतं. आमची पहिली गाडी अशीच परत गेली.

हॉटेलचं फार सांगत नाही. लिफ्ट होती, खोली प्रशस्त, पण बाथरूमचा उंबरठा चार इंचांचा आणि दार बावीस इंचांचं. मामांची खुर्ची चाकांवरच्या कड्यांसकट पंचवीस इंच. प्लास्टिकची एक भक्कम खुर्ची मागून घेतली आणि निभावलं.

आता सभागृह. नाव लिहीत नाही. माणसं भली होती, आणि अशी सभागृहं आपल्याकडेही काही कमी नाहीत. रॅम्प होता, खोटं बोलले नव्हते. पुढच्या तीन पायऱ्यांच्या शेजारी, दीड फूट चढायला जेमतेम सहा फुटांचा, वर गुळगुळीत ग्रॅनाइट. रॅम्पचा सर्वमान्य हिशोब एकास बारा असा आहे : एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट हवेत. सहा फुटांवर दोघांनी ढकलून खुर्ची वर जाते, पण उतरताना बसलेला माणूस पुढे कलंडतो. म्हणून उतरताना खुर्ची उलटी करायची, पाठ उताराकडे, आणि आपण खाली राहून एकेक पाऊल मागे सरकत उतरायचं. मदतीला धावून येणाऱ्या प्रत्येकाला हे मोठ्याने सांगावं लागतं, कारण पहिला हात नेहमी पुढून ओढायलाच येतो. शिवाय हाताला धरून उचलू पाहतात. मामांच्या खुर्चीचे हात निघणारे आहेत. एकाच्या हातात नुसता हातच आला!

रॅम्प संपला आणि दार आलं. दोन झडपांचं जुनं लाकडी दार, एकेक झडप बरोबर दोन फुटांची. चोवीस इंच. एका इंचाने अडलो. दुसरी झडप वरच्या कडीने बंद, आणि कडीवर रंगाचे इतके थर की ती भिंतीचाच भाग झालेली. वॉचमन स्टुलावर चढला. "बाब, हें दार हांवें केन्नाच उगडिल्लें ना," म्हणाला, आणि पक्कड आणायला गेला. आतून तंबोरे जुळत असल्याचा आवाज येत होता. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिव्यांगांच्या हक्काचा कायदा २०१६चा ना रे?" मी म्हटलं, हो. "आणि त्या रंगाचे थर त्याच्या आधीचे दिसतात." २०२४च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, काही गोष्टी सक्तीच्याच हव्यात. त्या दारासमोर उभं राहून हे आठवणं म्हणजे जखमेवर मीठ. अकरा मिनिटांनी कडी निघाली.

म्हणून सांगतो, "रॅम्प आहे का" हा प्रश्नच विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी हो असतं. आपल्या खुर्चीची रुंदी मोजा, चाकाच्या बाहेरच्या एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत, आणि फोनवर विचारा : दाराची एक झडप किती इंच? दुसरी उघडते का? आज उघडून बघाल का? रॅम्प किती पावलांचा? गाडी दारापर्यंत येते की फाटकाशीच थांबते? आणि बुकिंगवाल्याला नव्हे, तिथे रोज उभ्या असणाऱ्या माणसाला विचारा. बुकिंगवाला सभागृह नकाशावर ओळखतो.

आत आमच्या जागा चौथ्या रांगेत कडेला होत्या. मामांना सभागृहाच्या खुर्चीत बसवायचं तर ती त्यांच्या चालत्या, म्हणजे डाव्या बाजूला यायला हवी. आमची उजवीकडे. मधला हात पक्का, वर न उचलला जाणारा. शेवटी पहिल्या रांगेच्या पुढे सपाट जागा होती तिथे त्यांची खुर्ची लावली आणि मला कुणीतरी स्टूल आणून दिलं. सगळे म्हणाले, वा, एकदम पुढे! पण रंगमंच साडेतीन फूट उंच, काठावर मॉनिटर स्पीकर. गायिका दिसत होती. तबलजीचं डोकं दिसत होतं, खांदे दिसत होते. हात दिसत नव्हते. तबला ऐकायला दोनशे किलोमीटर आलेल्या माणसाला हात दिसत नव्हते.

त्यात पहिलं पद सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांनी मामा माझ्या कानाशी, "तंबोरा थांबवला का रे?" तंबोरा चालू होता. कानातलं यंत्र बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेलं. सलग टिकणारा सूर म्हणजे गोंगाट किंवा शिट्टी असं समजून ते तो दाबून टाकतं. तंबोऱ्याएवढा सलग सूर दुसरा कुठला? श्रवणयंत्रवाल्याकडे जाऊन संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम आधीच टाकून घ्या, बटण कुठलं तेही शिकून घ्या. आणि यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय लहरी पकडणारी छोटी गुंडाळी, असेल तर सभागृहात त्या लहरी सोडणारी तारेची इंडक्शन लूप आहे का विचारा. असली तर ध्वनियंत्रणेतला आवाज थेट कानात येतो, खोकणारे शेजारी वगळून. आम्ही विचारलं. तिथल्या साउंडवाल्याला तो एक नवीन प्रकारचा केबल वाटला.

मध्यंतरात शौचालय. दारावर खुर्चीचं निळं चित्र, आत झाडू, दोन बादल्या आणि एकावर एक रचलेल्या बारा प्लास्टिकच्या खुर्च्या. मामांनी दुपारपासून पाणीच कमी प्यायलं होतं. हे ते मला कधी सांगत नाहीत, मला बाटलीवरून कळतं. युरिन पॉट पिशवीत ठेवा, लाजू नका, आणि हॉटेल सभागृहापासून दहा मिनिटांवरचंच घ्या.

उत्तरार्धात मात्र त्या वॉचमननेच मार्ग काढला. शेवटच्या रांगेमागे आडवी सपाट वाट होती, तिथे खुर्ची नेऊन लावली. जमीन उतरती, त्यामुळे पूर्ण रंगमंच समोर, आणि स्पीकरचा मारा नाही. तबलजीचे दोन्ही हात. मामा पुढे काही बोलले नाहीत. फक्त एका तिहाईला, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात तिथे, डावा हात समेवर पडला, आणि उजवा, सहा वर्षं मांडीवर नुसता ठेवलेला, तोही दोन बोटं हलल्यासारखा मला वाटला. वाटलं असेल. तर तिकीट काढताना मागची आडवी वाट मागा, पुढचा मान नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीत मांडवी नदीच्या काठाने फिरलो. कांपालला कला अकादमीची इमारत बाहेरून पाहिली. चार्ल्स कोरियांनी आराखडा केलेली, आणि आतलं मोठं नाट्यगृह दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं. दीनानाथ मूळचे इथल्याच मंगेशीचे. पणजीत व्हीलचेअरकडे कुणी टक लावून बघत नाही, हे जाणवलं. २०२३च्या जानेवारीत इथे दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट भरला होता, त्याची सवय असेल.

मग मामांना नदीपलीकडे बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसायची हुक्की आली. मी धास्तावलो, फोन करून विचारायलाही वेळ नव्हता. बोट धक्क्याला लागली, लोखंडी फळी धाडकन खाली पडली, स्कूटरवाले बाहेर पडले, आणि एका खलाशाने नुसती मान हलवली. खुर्ची सरळ आत गेली. उंबरठा नाही, झडप नाही, चालत्या माणसाला तिकीटही नाही. ओहोटीला मात्र फळीचा उतार वाढतो. परतताना तो वाढलेला होता, आणि मी काही बोलायच्या आत मामाच त्या खलाशाला म्हणाले, "उलटी करा हो. पाठ उताराकडे."