डोंबिवली ते एडिसन : दारापासून दारापर्यंत साडेचोवीस तास

लेकीच्या बाळंतपणासाठी मे 2024 मध्ये आम्ही दोघं न्यू जर्सीला गेलो. मुंबई ते नेवार्क थेट विमान, पावणेसोळा तास. पण घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात पाऊल टाकेपर्यंत साडेचोवीस तास गेले. पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांनी तयारी या साडेचोवीस तासांची करावी.

विमान रात्री दीडचं होतं, आम्ही आठलाच निघालो. शिळफाट्याला गाडी अडकली तरी जिवाला घोर नको. टर्मिनल 2 वर सामान देताना पहिलाच प्रश्न आला, "सुकं खोबरं आहे का?" होतं. डिंकाच्या लाडवांसाठी अर्धा किलो घेतलं होतं. खोबऱ्यातल्या तेलाने पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून 2022 पासून चेक-इन बॅगेत त्याला बंदी आहे. तिथेच फरशीवर बॅग उघडली. माझ्या जुन्या मऊ लुगड्याची बाळासाठी शिवलेली दुपटी बाजूला करत एकेक वाटी बाहेर काढली. फार जिवावर आलं. लाडू घरूनच वळून न्या. मेतकूट, मसाले, हळद मात्र चेक-इनमध्येच टाका, कारण अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली तर ती अडवू शकतात.

मुंबई–नेवार्क अंतर साधारण 12,500 किलोमीटर. नकाशावर वाटतं, सरळ पश्चिमेला जायचं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट उत्तरेकडून वर चढते, पार नॉर्वे-आइसलँडच्या अक्षांशापर्यंत. तिथे विमान जवळजवळ सूर्याच्याच वेगाने पश्चिमेला सरकतं. खिडकीची झडप किलकिली केली तर क्षितिजावर तांबूस रेघ. दोन तासांनी पाहिलं, तरी तीच पहाट. यांना उठवून दाखवली.

या लांबलेल्या पहाटेत गोळ्यांचा घोळ होतो. निघण्याआधीच डॉक्टरांकडून वेळा लिहून घेतल्या होत्या आणि मनगटावरचं घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवलं. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. दर दोन तासांनी उठून शेवटच्या रांगेपर्यंत फेरी मारत होतो, तरी उतरताना यांचे पाय सुजलेच. पायात सैल सॅंडल घाला.

पावणेआठला उतरलो, इमिग्रेशन आणि सामान उरकायला दहा वाजले. खाण्याचं काय आणलंय ते विचारलं तर सगळं सांगून टाका. ताजी फळं, भाज्या, मांस नेऊच नका. एडिसनला दारात पोचलो तेव्हा तिथे सकाळचे अकरा, माझ्या मनगटावर रात्रीचे साडेआठ. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा असतो.

दुबईमार्गे तिकीट बरेचदा स्वस्त पडतं, पण अनोळखी विमानतळावर गेट शोधत धावणं साठीनंतर झेपत नाही. माझं मत थेट विमानालाच. फक्त एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यापासून वाटा बदलल्या, काही उड्डाणं लांबली. तिकीट काढताना चालू वेळापत्रक बघा आणि मध्ये थांबा आहे का ते विचारून घ्या.

येताना वारा पाठीशी असतो, चौदा तासांत मुंबई. पण झोपेची घडी बसायला आम्हाला तिकडच्यापेक्षा इकडे जास्त दिवस लागले. आल्या आल्या आठवडाभर घरात कुठलं कार्य ठरवू नका.